आईला चालतो, मला लागतो: व्हिसा काढून बॅलीकॅसलच्या जत्रेला

आयर्लंडमधल्या आपल्या मंडळींच्या ग्रुपवर एक प्रश्न वर्षभर फिरत असतो: बेलफास्टला जायला वेगळा व्हिसा लागतो का? बेलफास्ट उत्तर आयर्लंडमध्ये, आणि तो भाग ब्रिटनचा. उत्तरं दोन प्रकारची येतात. एक, ‘लागतो.’ दुसरं, ‘अहो, कोणी विचारत नाही, बिनधास्त जा.’ दोन्ही खरी आहेत, म्हणूनच घोळ होतो. २०२५ च्या ऑगस्टमध्ये मी आईला घेऊन उत्तर आयर्लंडमधल्या बॅलीकॅसलच्या जत्रेला जाऊन आले, रीतसर व्हिसा काढून. त्याची ही सगळी हकिकत. ज्यांच्याकडे आयआरपी कार्ड, म्हणजे आयर्लंडचा रहिवासी परवाना, आहे आणि पासपोर्ट अजून भारताचाच आहे, त्यांना जास्त उपयोगी पडेल.

आधी जत्रेबद्दल. बॅलीकॅसल हे अँट्रिम परगण्याच्या उत्तर किनाऱ्यावरचं छोटं गाव. तिथे ऑगस्टच्या शेवटच्या सोमवारी आणि मंगळवारी ‘औल्ड लॅमस फेअर’ भरते. सतराव्या शतकापासून भरत आलेली ही जत्रा मूळची सुगीची आणि गुराढोरांची. आता मेंढ्या-गाई जवळपास गेल्या, घोडे थोडेफार राहिले, आणि बाकी गावभर रस्त्यांवर दुकानंच दुकानं. मुख्य दिवस दोनच, पण हल्ली आदल्या शनिवार-रविवारपासूनच गाणं-बजावणं आणि खाण्याच्या टपऱ्या सुरू होतात. आमच्या ऑफिसात एक सहकारी तिकडची आहे. दर सप्टेंबरात ती पिवळ्या रंगाचा एक कडक गोड पदार्थ कागदी पिशवीतून आणून चहाच्या खोलीत ठेवते. ‘तू एकदा येच,’ असं ती कित्येक वर्षं म्हणत होती. त्या वर्षी आई वेंगुर्ल्याहून यायची होती, तेव्हा ठरवलं की आता जायचंच.

आता खरी गंमत. आई भारतातून आयर्लंडच्या व्हिसावर येणार, आणि तिला उत्तर आयर्लंडला जायला दुसरं काहीच लागत नाही. मी डब्लिनमध्ये नोकरी करते, कर भरते, आणि मला मात्र ब्रिटनचा व्हिसा लागतो.

हे कसं, तर आयर्लंड आणि ब्रिटन यांची एक संयुक्त व्हिसा योजना आहे. ती भारतात राहून तिथूनच थोड्या दिवसांच्या भेटीसाठी अर्ज करणाऱ्या भारतीयांसाठी आहे. त्यात आयर्लंडने दिलेल्या व्हिसाच्या स्टिकरवर ‘बीआयव्हीएस’ (BIVS) ही अक्षरं छापून येतात, आणि त्या एका व्हिसावर ब्रिटनमध्येही, म्हणजे उत्तर आयर्लंडमध्येही, जाता येतं. अट एवढीच की व्हिसा ज्या देशाने दिला त्या देशात आधी उतरायचं. म्हणून आईचं तिकीट आखाती देशातून थेट डब्लिनचं काढलं, लंडनमार्गे स्वस्त मिळत होतं तरी तिकडे वळले नाही. आम्ही मात्र आयर्लंडचे रहिवासी, त्यामुळे योजनेच्या बाहेर. दोन देशांमध्ये ये-जा खुली आहे ती आयरिश आणि ब्रिटिश नागरिकांना. आयआरपी कार्ड दाखवून ती सवलत मिळत नाही. माझ्या टीममधल्या अमेरिकन माणसाला याच रस्त्याने जायला काहीच लागत नाही, कारण त्याला मुळात ब्रिटनचा व्हिजिट व्हिसा लागत नाही. आणि ब्रिटनच्या ऑनलाइन प्रवास-परवानगीतूनही आयर्लंडच्या अशा रहिवाशांना सूट आहे. हे ऐकून आई म्हणाली, ‘म्हणजे पावणी घरात आणि घरची भायर?’ यावर मी काय बोलणार!

आईचं काम मे महिन्यात सुरू केलं. आयर्लंडचा अर्ज ऑनलाइन भरायचा, शेवटी येणारं सारांशाचं पान छापून त्यावर सही करायची, आणि कागदांच्या गठ्ठ्यासकट मुंबईच्या व्हिसा केंद्रात न्यायचं. फी ६० युरो, म्हणजे पावणेसहा हजार रुपयांच्या आसपास, वर केंद्राचा सेवाशुल्क वेगळा. आई जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झाली आहे, त्यामुळे पेन्शनचे कागद, सहा महिन्यांचं बँक स्टेटमेंट आणि घराचा उतारा हे सगळं तिच्या फायलीत आधीपासूनच नीट लावलेलं होतं. मी माझं आमंत्रणपत्र, आयआरपीची प्रत, पगाराच्या स्लिपा आणि घराचा भाडेकरार पाठवला. आमंत्रणपत्रात मी स्पष्ट लिहिलं की आई माझ्याकडे राहणार, खर्च मी करणार, आणि ऑगस्टअखेर आम्ही दोघी बॅलीकॅसलला जाणार आहोत. मराठीतल्या कागदांची इंग्रजी भाषांतरं लागतात, ती सावंतवाडीत करून घेतली. केंद्रात बोटांचे ठसे आणि फोटो घेतात, त्यामुळे जाणं स्वतःलाच भाग आहे, कोणाच्या हाती गठ्ठा पाठवून चालत नाही.

जूनच्या मध्याला आईचा पासपोर्ट घरी आला. मी व्हिडिओ कॉलवर पहिलं काय विचारलं असेल, तर स्टिकरवर ती चार अक्षरं आहेत का. होती. ही खात्री विमानात बसायच्या आधी करून घ्या. सरसकट प्रत्येकाला तो शेरा मिळतोच असं नाही, आणि शेरा नसेल तर पलीकडे जाता येत नाही.

माझा अर्ज ८ जूनच्या रविवारी भरला. ब्रिटनचा साधा व्हिजिट व्हिसा, सहा महिन्यांचा, फी १२७ पाउंड. एप्रिलमध्येच ती ११५ वरून वाढली होती. बँकेच्या खात्यातून दीडशे युरोच्या आसपास गेले. दोन वर्षांचा व्हिसा तेव्हा ४७५ पाउंडाला मिळत होता. वरचेवर बेलफास्टला जाणाऱ्यांनी त्याचा विचार करावा. मी एका जत्रेसाठी काढत होते, म्हणून सहा महिन्यांवर थांबले.

फॉर्म अवघड नाही, लांब आहे. गेल्या दहा वर्षांत कुठल्या देशांत गेलात, कधी गेलात, का गेलात, हे सगळं आठवून लिहायचं. जुने पासपोर्ट शेजारी घेऊनच बसावं. महिन्याला किती मिळतात, किती खर्च होतात, या सहलीवर किती खर्च करणार, तोही आकडा पाउंडात. आईवडिलांच्या जन्मतारखा विचारतात. आईची तारीख १ जून. आमच्या गावात त्या पिढीतलं निम्मं गाव १ जूनला जन्मलेलं आहे, गुरुजींच्या कृपेने. पासपोर्टवर जी आहे तीच टाकायची, खऱ्याच्या फंदात पडू नये. पुढे युद्धगुन्हे, दहशतवाद वगैरेंबद्दल प्रश्नांचं एक पान येतं. रविवारी दुपारी वरण-भात जेवून ‘तुम्ही कधी नरसंहारात भाग घेतला आहे का’ याच्यावर ‘नाही’ ची खूण करताना जरा विचित्र वाटतं.

कागद ऑनलाइन अपलोड करायचे. मी दिलेले: पासपोर्टची सगळी पानं, आयआरपी कार्डाच्या दोन्ही बाजू, तीन महिन्यांच्या पगाराच्या स्लिपा, सहा महिन्यांचं बँक स्टेटमेंट, कंपनीचं पत्र (नोकरी कायम आहे, अमुक तारखांना रजा मंजूर आहे), राहण्याच्या खोलीचं बुकिंग, आणि एक पानाचं साधं पत्र. त्या पत्रात जत्रेचं नाव, तारखा, सोबत कोण, आणि बुधवारच्या आत डब्लिनला का परतायलाच हवं ते लिहिलं. कारण सोपं होतं, २७ ऑगस्टला गणेश चतुर्थी. अधिकाऱ्याने ते वाचलं की नाही देव जाणे, पण माणूस परत का येणार आहे याचं कारण कागदावर असलेलं बरं. खोलीचं बुकिंग पैसे न भरता रद्द करता येईल असंच घ्या, व्हिसा हातात नसताना पैसे अडकवू नयेत.

अपॉइंटमेंट डब्लिनमध्येच मिळते. फुकटच्या वेळा मोजक्या असतात, पैसे भरून लगेचच्या मिळतात. मला १९ जूनची सकाळची फुकट मिळाली, त्यासाठी रोज रात्री झोपण्याआधी वेबसाइट उघडून पाहावी लागली. आत काम वीस मिनिटांत उरकलं. ठसे, फोटो, पासपोर्ट जमा. आयआरपी कार्ड फक्त बघतात आणि परत देतात, ते जपून ठेवा. पासपोर्ट मात्र निर्णय होईपर्यंत तिकडेच राहिला, म्हणजे त्या काळात भारतात अचानक जायची वेळ आली असती तर पंचाईत. पासपोर्ट स्वतःजवळ ठेवायची सोय जादा पैसे भरून घेता येत होती. मी घेतली नाही, पण बाबांच्या तब्येतीची काळजी होती त्या काळात अर्ज केला असता तर घेतली असती.

तीन आठवडे सांगतात. ते तीन आठवडे मी काय केलं असेल, तर ऑफिसात मैत्रिणीला रोज घोड्यांबद्दल प्रश्न विचारले आणि घरी ‘नाकारलेल्या अर्जांची कारणं’ वाचली. दुसरी गोष्ट करू नका. ९ जुलैला दुपारी ईमेल आलं, त्यात निर्णय काय ते लिहिलेलंच नव्हतं, फक्त ‘पासपोर्ट घेऊन जा’ एवढंच. शुक्रवारी लिफाफा केंद्राच्या दारातच फाडला. व्हिसा होता, जानेवारीपर्यंतचा.

मग इतर तयारी. राहायला बॅलीकॅसलमध्ये काही मिळेल ही आशा सोडा. जत्रेच्या दिवसांच्या खोल्या लोक आदल्या वर्षी धरून ठेवतात. आम्हाला बॅलीमनीमध्ये, साधारण पंचवीस-तीस किलोमीटर अलीकडे, एका घरगुती निवासात ९५ पाउंडाला खोली मिळाली, नाश्त्यासकट. गाडीच्या विमा कंपनीला फोन करून विमा उत्तर आयर्लंडमध्ये चालतो का ते विचारलं. चालत होता, गाडी रस्त्यात बंद पडली तर मदत मिळण्यासकट, पण विचारून ईमेलवर उत्तर मागून घेतलेलं बरं. गाडी भाड्याची असेल तर सीमा ओलांडायचे जादा पैसे पडतात आणि आधी सांगावं लागतं. आईचा प्रवासविमा भारतातून काढताना त्यात आयर्लंडबरोबर ब्रिटनचं नावही घालून घेतलं होतं. तिच्या भारतीय सिमचं रोमिंग बंद केलं.

आणखी एक भानगड: २५ ऑगस्टचा सोमवार उत्तरेत बँक हॉलिडे होता, इकडे आयर्लंडमध्ये नव्हता. इकडचा ऑगस्टमधला बँक हॉलिडे पहिल्या सोमवारी. म्हणजे रजा टाकावी लागते, आणि रस्त्यावर गर्दी मात्र सुट्टीची.

सोमवारी पहाटे साडेपाचला निघालो. एम-वनवर ड्रॉएडाजवळ टोल, डंडॉक मागे पडलं, आणि आई खिडकीतून बाहेर बघत बसली होती. तिला सीमा बघायची होती. मी म्हटलं, आता येईल. आली आणि गेली. रस्त्याच्या कडेची पिवळी रेघ पांढरी झाली, पाट्यांवर किलोमीटरचे मैल झाले, फोनवर नव्या नेटवर्कचा मेसेज आला. चौकी नाही, फाटक नाही, गणवेशातला एक माणूस नाही. ‘संपलां?’ आईने विचारलं. तिच्या मांडीवर पर्स होती आणि पर्समध्ये दोघींचे पासपोर्ट, माझं कार्ड, बुकिंगची छापील प्रत.

इथे कोणी म्हणेल, मग कशाला एवढा खटाटोप? मला विचाराल तर काढावाच. तपासणी नाही याचा अर्थ परवानगी आहे असा होत नाही. व्हिसा नसताना पलीकडे अपघात झाला, पोलिसांनी गाडी थांबवली, दवाखान्यात जावं लागलं, तर तिथे तुम्ही बेकायदा आहात. ते पुढे प्रत्येक अर्जात लिहावं लागतं, आयरिश नागरिकत्वाच्या अर्जाची वाट बघणाऱ्यांनी तर नीट विचार करावा. शिवाय येताना तपासणी अजिबात होत नाही असंही नाही. बेलफास्टहून डब्लिनला येणाऱ्या बसमध्ये डंडॉकच्या आसपास गार्डा, म्हणजे आयरिश पोलीस, चढून कागद बघतात. पासपोर्ट आणि आयआरपी कार्ड दोन्ही जवळ ठेवा, मोबाइलमधल्या फोटोवर विसंबू नका.

बेलफास्टपर्यंत रस्ता मोकळा होता. तिथून एम-टू, मग बॅलीमीनावरून ए-सव्वीस, आणि आर्मॉयनंतर गाड्यांची रांग लागली. बॅलीकॅसलच्या अलीकडे एका शेतात तात्पुरतं पार्किंग होतं, पाच पाउंड, रोख. रोख पैशांबद्दल सांगते: बरेच दुकानदार आता कार्ड घेतात, पण नेटवर्क गर्दीत मान टाकतं. मी आधीच शंभर पाउंड काढले होते. उत्तर आयर्लंडमध्ये तिथल्या बँका स्वतःच्या नोटा छापतात. त्या खऱ्याच असतात, पण इंग्लंडमधली दुकानं कधी कधी घ्यायला कुरकुर करतात, म्हणून उरलेल्या नोटा तिथेच खर्च केलेल्या बऱ्या.

शेतातून गावात चालत गेलो. आधी आवाज आला. मग चिप्स तळल्याचा वास. मग ‘डायमंड’, म्हणजे गावातला मुख्य चौक, आणि तिथेच अठराव्या शतकातलं उंच मनोऱ्याचं चर्च. चौकातून फुटणाऱ्या प्रत्येक रस्त्याला दोन्ही बाजूंनी दुकानं. पहिली काही पाहून मी जरा हिरमुसले. मोबाइलची कव्हरं, चादरी, प्लॅस्टिकचे डबे, चिनी खेळणी. जुन्या काळच्या जत्रेची स्वप्नं बघत जाणाऱ्यांनी हे आधीच मनाशी धरावं. एका ट्रकच्या मागच्या बाजूला उभा राहून एक माणूस टॉवेलचे गठ्ठे विकत होता. कानाला लावलेल्या माइकवर तो भाव सांगे, लगेच स्वतःच कमी करी, आणि वर आणखी दोन टॉवेल फेके. बोलणं मला जेमतेम समजत होतं, आईला शब्दही नाही. तरी आई तिथे पाऊण तास उभी. शेवटी तिने बोटांनी भाव केला आणि सहा टॉवेल दहा पाउंडांना घेतले. डब्लिनमध्ये तेच स्वस्त मिळतात हे मी बोलले नाही.

मग मैत्रिणीने सांगितलेल्या दोन गोष्टी शोधायला निघालो, डल्स आणि यलोमॅन. या दोघांचा उल्लेख असलेलं जत्रेवरचं एक जुनं गाणं आहे आणि जत्रेत कुठे ना कुठे ते वाजत असतंच.

यलोमॅन म्हणजे माझ्या ऑफिसातला तो पिवळा पदार्थ. सोनेरी पाक, साखर, लोणी आणि व्हिनेगर उकळून शेवटी खाण्याचा सोडा घालतात, तो फसफसून वर येतो आणि तसाच गोठतो. दुकानात त्याची मोठी लादी ट्रेमध्ये ठेवलेली होती, बाहेरून गुळगुळीत, आतून जाळीदार. बाई एका छोट्या हातोडीने कडेला ठोका मारत होती, तुकडे वेडेवाकडे उडत होते, तिचं बोट हातोडीपासून अर्ध्या इंचावर आणि नजर गिऱ्हाइकावर. ट्रेच्या तळाशी जमलेला भुगा तिने शेवटी आमच्या पिशवीत ओतला, वजनात न धरता. तीन पाउंड. आईने तुकडा तोंडात टाकला, दोन्ही गालांत फिरवला आणि निकाल दिला: ‘आंगणेवाडीचो खाजो बरो. पण ह्यां वायट नाय.’ बसवलेले दात असतील तर चावू नका, विरघळू द्या.

डल्सची गोष्ट वेगळी. हे समुद्री शेवाळ. ओहोटीला खडकांवरून हाताने काढतात आणि वाळवतात. पारदर्शक पिशव्यांमध्ये जांभळट-काळी, चामड्यासारखी वळलेली पानं, त्यांवर मिठाची पांढरी बुरशीसारखी पूड. पिशवी उघडताच आईच्या चेहऱ्यावर ओळखीचं काहीतरी आलं. ‘ह्यां काय गो? किनाऱ्याक पडता ता?’ मी म्हटलं, तेच, पण खातात. सुकी मासळी निवडून घेणाऱ्या बाईला शिकवायची गरज नव्हती. तिने पिशवी उजेडात धरली, पानं बोटांनी चाचपली, एक बाजूला ठेवलं, दुसरी पिशवी मागितली. विकणारे आजोबा हसले आणि त्यांनी टेबलाखालचं खोकं काढलं, त्यातली पानं जास्त कोरडी आणि गडद होती. त्या दोघांमध्ये भाषा कुठलीच नव्हती आणि व्यवहार बरोबर झाला. चव म्हणाल तर आधी नुसतं मीठ. चावत राहिलं की आतून हळूहळू एक खमंग गोडी येते. मला पहिल्यांदा आवडलं नाही, तिसऱ्या पानापासून हात थांबेना. आईने दोन पिशव्या घेतल्या.

घोडे फेअरहिल रस्त्यावर. इथे दुकानं संपतात आणि गर्दीचा रंग बदलतो. टोप्या घातलेले पुरुष, हातात काठ्या, मुलं लगाम धरून घोड्यांना वर-खाली पळवत असतात. रस्ता अरुंद आहे आणि घोडा मागे न बघता वळतो, तेव्हा भिंतीला लागून उभं राहा, लहान मुलांना उचलून घ्या. पायात चांगले बूट हवेत, का ते लिहीत नाही. आम्ही एक सौदा सुरुवातीपासून शेवटपर्यंत पाहिला. एका ठिपक्यांच्या तट्टाच्या मालकाने तळहात पुढे केला, घेणाऱ्याने त्यावर फटका मारला आणि आकडा सांगितला, मालकाने मान फिरवली. पुन्हा फटका, पुन्हा नकार. घेणारा चालायला लागला. मग तिसराच एक जाडजूड माणूस मध्ये पडला, त्याने दोघांची मनगटं धरून हात एकमेकांवर आपटवले. नोटा मोजल्या गेल्या, आणि मालकाने त्यातली एक काढून घेणाऱ्याला परत दिली. ते शकुनाचे पैसे, ही जुनी रीत. आई दबल्या आवाजात म्हणाली, ‘तो मधलो दोघांकडून घेता असतलो.’ मला नाही माहीत, पण तिला खात्री होती.

दुपारी ‘की रोड’ने, म्हणजे धक्क्याकडे जाणाऱ्या रस्त्याने, समुद्रावर उतरलो. उजवीकडे फेअर हेडचा कडा, समोर रॅथलिन बेट, आणि हवा स्वच्छ असेल तर त्याच्या पलीकडे स्कॉटलंडचा किनारा. बंदरावर मार्कोनीचं स्मारक आहे. १८९८ मध्ये त्याच्या माणसांनी रॅथलिन आणि बॅलीकॅसल यांच्यात बिनतारी संदेश पाठवले होते. बेटावर जाणारी बोट जत्रेच्या दिवसांत भरलेली असते, जायचं असेल तर आधी बुकिंग करा. आम्ही वाळूत बसून घरून आणलेल्या दशम्या खाल्ल्या. वारा असा होता की डब्याचं झाकण धरून ठेवावं लागत होतं. आईला पाणी बघून वेंगुर्ल्याची आठवण येईल असं मला वाटलं होतं. ती म्हणाली, ‘एवढां थंड पाणी काय कामाचां?’

शौचालयांचा प्रश्न कोणी सांगत नाही म्हणून सांगते. गावात तात्पुरती आहेत, रांगा मोठ्या, आणि दुपारनंतर स्थिती बरी नसते. समुद्राकडच्या सार्वजनिक शौचालयात रांग लहान होती. वयस्क माणसं सोबत असतील तर सकाळी दहाच्या आत गावात पोचा, चार वाजता निघा. आम्हाला पार्किंगच्या शेतातून बाहेर पडायलाच तासभर गेला.

मंगळवारी पुन्हा जायचा बेत होता, कारण स्थानिक लोक म्हणतात की दुसरा दिवस निवांत. गेलो, आणि खरंच निवांत होता, दुकानदारांना बोलायला वेळ होता. पण तो दिवस हरतालिकेचा. आईचा उपास कडक, फक्त फळं. चिप्सच्या, सोडा ब्रेडच्या, भाजलेल्या सॉसेजच्या टपऱ्यांमधून ती केळं सोलत चालली होती. डल्सवाल्या आजोबांनी तिला ओळखलं आणि एक पान पुढे केलं. ती माझ्याकडे वळली. ‘ह्यां उपासाक चालता काय गो?’ शेवाळ म्हणजे पालेभाजी की काय, मीठ समुद्राचं म्हणजे साधंच, सैंधव नाही, अशी आमची भर रस्त्यात चर्चा झाली. शेवटी तिने पान रुमालात बांधून पर्समध्ये ठेवलं, पासपोर्टांच्या शेजारी. आजोबांना मी कसंबसं समजावलं की आज धार्मिक उपास आहे. ते म्हणाले, त्यांच्या आईलाही लेंटमध्ये, म्हणजे ईस्टरआधीच्या उपासाच्या दिवसांत, असंच चालायचं-न चालायचं सतत असायचं.

अकराला निघालो, जेवायच्या सुमाराला बेलफास्ट पार, चारपर्यंत डब्लिनच्या भारतीय दुकानात नारळ आणि तांदळाचं पीठ. सीमेवर परत तसंच, पांढऱ्या रेघेची पिवळी झाली.

दोघींचा जत्रेचा खर्च मांडायचा तर पेट्रोल आणि टोल मिळून साधारण सत्तर युरो, खोली ९५ पाउंड, पार्किंग दोन दिवसांचं दहा, खाणं-खरेदी पन्नासच्या आत, टॉवेल धरून. यात सगळ्यात महाग गोष्ट माझा व्हिसा, आणि त्याची मुदत जानेवारीपर्यंत असल्यामुळे नोव्हेंबरात बेलफास्टला नाटक बघायला जायचं ठरवलं. आई ऑक्टोबरात परत गेली. डल्सची एक पिशवी तिने इथेच ठेवली आहे, फडताळात गरम मसाल्याच्या डब्याशेजारी नको असं बजावून, कारण वास लागतो.